सोसू नका, विचारा : जळगाव-धुळ्यातून एक जाहीरनामा

कॅन्सर म्हटला की सोसणं आलंच, हे वाक्य आपल्या खानदेशात आल्यागेल्याच्या तोंडी असतं. केमो घेतली म्हणजे उलट्या व्हायच्याच. किरणांचा शेक घेतला म्हणजे तोंड सोलून निघायचंच. दुखणं हाडात उतरलं की माणूस रात्रभर कण्हायचाच. भेटायला येणारे धीर म्हणून हेच सांगतात आणि पेशंट मान हलवतो. आम्हाला हे मान्य नाही. यातला बराचसा त्रास टाळता येतो, उरलेला पुष्कळ कमी करता येतो. कसा, ते जगातल्या आणि भारतातल्या डॉक्टरांनी हजारो पेशंटांवर पडताळून लिहून ठेवलंय. टाटा हॉस्पिटलच्या पुढाकाराने 2012 साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडच्या मार्गदर्शक सूचना कोणीही फुकट वाचू शकतो. तरी त्यातलं ज्ञान चोपड्याच्या, साक्रीच्या, यावलच्या घरात पोचत नाही. ते पोचावं म्हणून आम्ही एकत्र येतो आहोत.

आम्ही म्हणजे या दोन जिल्ह्यांतल्या काही नर्स, काही डॉक्टर, मेडिकल चालवणारे, आशाताई, आणि सगळ्यात जास्त संख्येने पेशंटच्या घरची माणसं. चळवळीला अजून नाव नाही. नावावरून भांडण्याइतकी फुरसत मिळाली की ठेवू.

एका पिढीमागे खानदेशातल्या कॅन्सरच्या पेशंटला एकच पत्ता ठाऊक होता : परळ. 1941 साली सुरू झालेलं टाटा. भुसावळ-जळगावचा माणूस रात्रीच्या गाडीला बसायचा, धुळेकर आधी चाळीसगावची गाडी पकडायचा, आणि मुंबईत उतरल्यावर पहिली चिंता आजाराची नसायची, रात्री पाठ कुठे टेकायची याची असायची. ती वाट अजून बंद पडलेली नाही, पण चित्र पालटलंय. राज्य सरकारची जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. तीच योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिच्यात केमो, शस्त्रक्रिया, किरणोपचार होतात. नाशिक आणि संभाजीनगर आहेतच, खुद्द जळगाव-धुळ्यातही केमो मिळते. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. चांगलंच झालं.

म्हणजे बाटली जवळ आली. पण केमोचं नेहमीचं चक्र एकवीस दिवसांचं धरा : एक दिवस बाटलीचा, वीस दिवस घरचे. त्या वीस दिवसांचा डॉक्टर कोण? आजचं खरं उत्तर असं आहे, की शेजारीण, मेडिकलवाला आणि व्हॉट्सअॅप. आमची चळवळ त्या वीस दिवसांसाठी आहे.

उलटीपासून सुरुवात करू, कारण तिथे आपली लाज सगळ्यात जास्त उघडी पडते. सिस्प्लाटिन किंवा स्तनाच्या कॅन्सरची ती लाल केमो अशी औषधं आहेत की उलटीचा बंदोबस्त केला नाही तर दहातल्या नऊ जणांना उलट्या होतात. बंदोबस्त काय करायचा यावर आता फारसा वाद उरलेला नाही. उलटी व्हायची वाट बघायची नाही. केमोच्या आधी चार वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी चार औषधं द्यायची, आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशी त्यातली ठरलेली चालू ठेवायची, कारण खरी मळमळ घरी गेल्यावर उसळते. प्रत्यक्षात काय होतं ते जळगाव बसस्थानकावर दुपारी उभं राहून बघा. एसटीत खिडकीची जागा धरून बसलेली बाई, हातात कॅरीबॅग, पर्समध्ये ओंडान्सेट्रॉनची एक पट्टी आणि कानात एक वाक्य : उलटी झाली तर घ्या. झाली तर! आग लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ती हीच.

त्या चार औषधांतलं एक म्हणजे ओलान्झापिन. मुळात मानसिक आजाराचं, जुनं आणि स्वस्त. परदेशी सूचनांत त्याचा डोस 10 मिलिग्रॅम होता, आणि तेवढ्याने पेशंट दिवसभर पेंगायचे. टाटामधल्या डॉक्टरांनी विचारलं, चतुर्थांश दिलं तर? रीतसर तुलना केली, आणि 2024 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला : अडीच मिलिग्रॅमने उलटी तितकीच आवरते आणि झापड बरीच कमी येते. त्याआधी 2023 मध्ये पुदुच्चेरीच्या जिपमेरमधल्या 124 पेशंटांच्या चाचणीने दाखवलं होतं की हीच अडीच मिलिग्रॅमची गोळी रोज घेतल्याने भूक आणि वजन वाढतं. त्या चाचणीनंतर अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने भूक मेलेल्या पेशंटसाठीचा आपला सल्ला बदलला. म्हणजे पुरावा परळला आणि पुदुच्चेरीला तयार होतो, अमेरिका तो उचलते, आणि पारोळ्याचा मुलगा गोळीचं नाव मोबाइलवर बघतो, “वेड्याचं औषध दिलं आईला” म्हणून पट्टी फेकून देतो. त्याला दोष कसा द्यायचा? ही गोळी कशासाठी आहे ते दोन ओळींत कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

ताप हा मात्र जिवाशी खेळ. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा 100.4 फॅरनहाइटच्या वरचा ताप टिकला तर तो साधा ताप नसतो. अशा पेशंटला दवाखान्यात आल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळालं पाहिजे, हा जगभर मानलेला नियम. आपल्याकडे आधी क्रोसिन, मग उद्या बघू, मग परवा रविवार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा सगळ्यांचीच कपाळं तापलेली असतात. हात लावून ताप ठरवायची सवय इथे कामाची नाही. म्हणून केमो चालू असलेल्या प्रत्येक घरात थर्मामीटर हवा, आणि भिंतीवर एक नंबर हवा जो रात्री दोनला उचलला जाईल. सातपुड्याच्या पाड्यावरून शहर गाठायला निम्मी रात्र जाते. तेव्हा आमची मागणी अशी, की ग्रामीण रुग्णालयाने पहिला डोस टोचावा आणि मग रुग्णवाहिकेत बसवावं. आधी चिठ्ठी, मग गाडी, मग शहरात केसपेपर, हा क्रम उलटा करा.

याच ठिकाणी दुसऱ्या टोकाची चूकही होते. ताप नाही, त्रास नाही, नुसता रिपोर्टमधला आकडा कमी दिसला की पेशी वाढवणारी महागडी इंजेक्शनं सर्रास दिली जातात. सूचना सांगतात, सरसकट देऊ नका. ज्या केमोत धोका मोठा आहे तिथे आधीच ठरवून द्या. पुरावा नेहमी जास्त औषध मागतो असं नाही. कित्येकदा तो हात आखडायला सांगतो, आणि ते ऐकणं डॉक्टरांना आणि आपल्यालाही जड जातं.

खाण्याबद्दल बोलायचं तर अंगावर काटा येतो. केमो चालू आहे म्हणून कच्चं फळ बंद, कोशिंबीर बंद, दही बंद. अशा कडक पथ्याने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. स्वच्छ धुतलेलं, ताजं, नीट शिजवलेलं खावं, शिळंपाकं टाळावं, एवढ्यावर भागतं. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, हेही असंच एक. गाठ मरत नाही, माणूस वाळतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात पेशंटला केळं नको म्हणणारे लोक आहेत, यापरतं काय सांगावं.

तोंडाचा कॅन्सर देशभर पुरुषांत आघाडीवर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी कुठे मिळते हे शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल, तो विषय वेगळ्या जाहीरनाम्याचा. इथे एवढंच, की तोंडाला किरणोपचार सुरू झाले की दोन-तीन आठवड्यांत आतली कातडी सोलते. ज्या घरात जेवण म्हणजे कळण्याची भाकरी, ठेचा आणि लालभडक शेवभाजी, तिथे अशा माणसासमोर ताट ठेवलं तरी त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मग तो खायचं टाळतो, वजन उतरतं, किरणोपचारासाठी चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल पडतो, उपचारात खंड पडतो. बेन्झिडामिनच्या चुळांना पुरावा आहे. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मधालासुद्धा जागा दिली आहे. मधुमेह असेल तर विचारून घ्यावा. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या चुळा तोंड स्वच्छ ठेवतात आणि त्यांना खर्च नाही. उलट क्लोरहेक्सिडिनच्या ज्या बाटल्या सवयीने लिहून दिल्या जातात त्या या सोलण्याला रोखत नाहीत. घरच्या बाईला एवढंच कुणी सांगितलं, की मुगाचं वरण बिनमिरचीचं करा, भाकरी दुधात कुस्करा, सगळं कोमट द्या, आणि गिळणं फारच जड झालं तर नळीला घाबरू नका, तर कितीतरी जणांचे किरणोपचार अर्धवट सुटणार नाहीत.

आता दुखणं. या जाहीरनाम्यातलं आमचं सगळ्यात मोठं भांडण इथे आहे.

1986 साली जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या वेदनेची पायरी-पायरीची पद्धत सांगितली. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभं राहिलं, देशातलं पहिलं हॉस्पिस. म्हणजे महाराष्ट्र यात मागे नव्हता. पण वर्षभर आधी, 1985 मध्ये, अमली पदार्थांचा कायदा आला होता. चोरट्या व्यापारावर उगारलेला बडगा पेशंटवर पडला. एका औषधासाठी इतके परवाने लागू लागले की दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर काहीशे किलोंवरून 1997 पर्यंत 18 किलोंवर आला. एवढ्या मोठ्या देशाला, वर्षाला, 18 किलो. आणि हे औषध येतं कुठून? धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रोडने इंदूर गाठा, तिथून वर मंदसौर, नीमच. तिथे सरकारी परवान्याने अफूची शेतं फुलतात आणि नीमचला सरकारचा कारखाना आहे. आपली अफू जगाच्या औषधात जात राहिली आणि शिंदखेड्याचा म्हातारा भिंतीला डोकं टेकून रात्र काढत राहिला.

2014 मध्ये कायदा बदलला. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध प्रशासनाकडून एक मान्यता पुरते. तेव्हा “कायद्याची अडचण आहे” हे उत्तर आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. अडचण आता सवयीची आणि भीतीची आहे. सवय लागेल, ही भीती डॉक्टरलाही आणि मुलालाही. कॅन्सरच्या वेदनेसाठी तज्ज्ञाच्या नजरेखाली, मोजून घेतलेल्या मॉर्फिनमध्ये व्यसनाचा धोका थोडा असतो. तो नाकारायचा नाही, त्यावर लक्ष ठेवायचं. दुसरी भीती : मॉर्फिन म्हणजे शेवट आला. शेवटाशी त्याचा संबंध नाही, दुखण्याशी आहे. दुखणं कमी झालेला माणूस उठून अंगणात बसतो, नातवाशी बोलतो, भाव काय फुटला ते विचारतो.

मॉर्फिनची साधी गोळी चार-चार तासांनी, घड्याळ लावून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ ठेवणारी गोळी द्यायची. ती विसरली की चौथ्या दिवशी पोट फुगतं, घरचे मॉर्फिनला नावं ठेवतात आणि बंद करतात. सुरुवातीची झापड आणि मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते. आणि रोज विचारायचं. नर्सने साहेबी मराठीत “वेदनेची तीव्रता” विचारली तर अमळनेरची आजी “बरं आहे” म्हणणार. “आजी, कितलं दुखस?” विचारा. दहात किती ते उमगलं नाही तर रुपयात किती आणे ते विचारा. बारा आणे म्हणाली की समजा, आजचा डोस पुरला नाही. तो आकडा कागदावर लिहा, रक्तदाब लिहिता तसाच.

हाडाच्या दुखण्याला आणखी एक गोष्ट. किरणोपचाराची दहा सत्रं आणि एकच मोठा, 8 ग्रेचा शेक यांची तुलना अनेक चाचण्यांत झाली आहे. वेदना कमी होण्यात दोन्ही सारखेच. एका शेकानंतर पुन्हा शेक लागण्याची शक्यता जास्त, हेही सांगितलं पाहिजे. ज्याला मुक्ताईनगरहून दरवेळी भाड्याची गाडी करून, कंबर धरून, गचके खात यावं लागतं त्याच्यासाठी एक फेरी आणि दहा फेऱ्या यातला फरक डॉक्टरने त्याच्यासमोर मांडायला हवा. निवड पेशंटची.

आता आमच्याच घराकडे बोट. ताकदीचं सलाईन. “साहेब, काहीतरी चढवा, सकाळपासून पडून आहे,” हे आपण म्हणतो, आणि डॉक्टर चढवतो. शेवटच्या दिवसांतल्या पेशंटला रोज लिटरभर सलाईन देऊन पाहिलं गेलंय. नाममात्र पाणी दिलेल्यांपेक्षा त्यांचा थकवा, भ्रम, झटके कमी झाले नाहीत. वाळत चाललेल्या माणसाला सरसकट शिरेतून पोषण देऊ नका असंही सूचना सांगतात. उलटी-जुलाबाने पाणी तुटलं, उन्हाचा तडाखा बसला, सिस्प्लाटिन चालू आहे, तर सलाईन हवंच. बाकी वेळी ते नातेवाइकांच्या समाधानासाठी लावलेलं असतं आणि बिल पेशंटच्या जमिनीवर निघतं. आम्ही चळवळीतले लोक असं सलाईन मागणार नाही, आणि मागणाऱ्या मामाला-काकाला समजावू. हे बोलायला सोपं आहे. घरात माणूस पडलेला असताना चार पाहुण्यांसमोर “सलाईन नको” म्हणून बघा.

पुरावा मानायचा तर तो आपल्या विरोधात गेला तरी मानायचा. 2010 साली बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांना सुरुवातीपासून उपशामक, म्हणजे त्रास हलका करणारी, सेवा दिली, तेव्हा ते अधिक बरं जगले आणि काही महिने जास्तही जगले. आमच्या प्रचाराला सोन्यासारखी गोष्ट. पण टाटामध्ये डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये हाच प्रयोग 180 पेशंटांवर झाला, 2021 मध्ये निकाल छापून आला, आणि जीवनमानात किंवा आयुष्यात फरक दिसला नाही. म्हणून “ही सेवा घ्या, जास्त जगा” असं आमच्या फलकावर कधी दिसणार नाही. वेदना आवरणं, ताप ओळखणं, उलटी रोखणं यासाठी आयुष्यवाढीचं आमिष दाखवायची गरजही नाही. मार्गदर्शक सूचना म्हणजे पोथी नव्हे. त्या बदलतात, काही ठिकाणी पुरावा तोकडा आहे असं स्वतःच लिहितात, आणि समोरच्या पेशंटसाठी त्या मोडायचा अधिकार डॉक्टरला आहे. फक्त का मोडली ते त्याने सांगावं.

तर आम्ही मागतो ते असं. या दोन जिल्ह्यांत जिथे जिथे केमो दिली जाते तिथे पेशंट घरी जाताना त्याच्या हातात एक पान असावं : उलटीच्या कोणत्या गोळ्या कोणत्या दिवशी, ताप किती झाला की काय करायचं, कोणाला फोन करायचा. अक्षर वाचता येईल असं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी अहिराणीत आणि पावरीत आवाजात भरलेलं. जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि जिल्ह्यातली खासगी केंद्रं, सगळीकडे मॉर्फिनच्या गोळ्या बारमाही असाव्यात, आणि आज आहेत की संपल्यात ते दारावरच्या पाटीवर लिहावं. नवी डे-केअर केंद्रं उघडताना खुर्च्या आणि स्टँड यांच्या यादीत वेदना मोजणारी, फोन उचलणारी एक प्रशिक्षित नर्सही मोजावी. केरळात 1993 मध्ये कालिकतला एका छोट्या दवाखान्यापासून उपशामक सेवेची सुरुवात झाली, गल्लीतले स्वयंसेवक जोडले गेले आणि 2008 मध्ये राज्याने धोरण केलं. ते लोक आपल्यापेक्षा वेगळ्या मातीचे नव्हते.

आमच्यावरही बंधनं आहेत. औषध कंपनीचा एक रुपया घ्यायचा नाही, चहाचाही नाही. कोणत्याही पेशंटला डोस सांगायचा नाही, तो डॉक्टरचा. प्रश्न विचारताना आवाज चढवायचा नाही, दवाखान्यावर चाल करून जाणारा माणूस आमचा नाही. आमचं पान दरवर्षी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचं आणि जुनं झालं की मागे घ्यायचं, गाजलेलं असलं तरी. जडीबुटीवाल्याची टिंगल करायची नाही, पण त्याने केमो बंद करायला सांगितलं तर त्याच दिवशी घरी जाऊन बसायचं.

काम लगेच सुरू होतंय. प्रत्येक केमो केंद्रात जाऊन विचारायचं : उलटीची औषधं केमोच्या आधी देता का, रात्री फोन कोण घेतं, ताप आला तर पहिला डोस कुठे मिळेल, मॉर्फिन आहे का, घरी जाताना लेखी काय देता? मिळालेली उत्तरं जशीच्या तशी तालुक्यातालुक्यांत वाचून दाखवायची, ज्यांची चांगली असतील त्यांची आधी. सभासद व्हायला अर्ज नाही, वर्गणी नाही. ओळखीतलं केमो चालू असलेलं एक घर धरा. तिथे थर्मामीटर आहे का बघा, नसेल तर भेटायला जाताना फळांच्या पिशवीऐवजी तो घेऊन जा, आणि घरच्या माणसाला तो वापरायला शिकवूनच उठा.